गेज आणि जिग : सातपूरच्या वर्गातलं मोजमाप

शाळेच्या स्मरणिका समितीची बैठक झाली त्या दिवशी इमारत, देणगीदार, पुरस्कार, मान्यवरांच्या भेटी हे विषय पहिल्या दहा मिनिटांत वाटून झाले. उरलं ते मूल्यमापन. त्यावर कोण लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फायलींच्या लोखंडी कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, आणि त्याचं दार जरा वर उचलून ओढल्याशिवाय उघडत नाही हेही मलाच ठाऊक आहे. तेव्हा ज्यांना विश्वस्तांची नावं आणि उद्घाटनांच्या तारखा हव्या असतील त्यांनी ही पानं उलटून खुशाल पुढं जावं. आपल्या मुलांना आपण काय काय लावून मोजलं, त्याचा हिशेब मी इथं मांडते आहे.

रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये नाशकात अशा मुलांसाठी, म्हणजे आज ज्यांना आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो त्यांच्यासाठी, प्रबोधिनीचं काम सुरू केलं. आपल्या मुलाला घेऊन कुठं जायचं, हा प्रश्न आधी त्यांच्या घरातला होता. तोच प्रश्न गावातल्या कितीतरी घरांत दार लावून बसलाय हे त्यांना मागाहून दिसलं. त्या वेळी मुंबईत जय वकील शाळा होती, १९४४ पासूनची. तीही वकील दांपत्यानं आपल्या मुलीसाठी काढलेली. पुण्यात १९६४ पासून कामायनी होती. नाशिकच्या पालकाला दोन्ही सारख्याच लांब. महाराष्ट्रात या कामाचा इतिहास लिहायला बसलं की सरकारी ठरावांच्या आधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जावं लागतं, ते असं.

तेव्हा शाळेच्या पाटीवर ‘मतिमंद’ लिहिलेलं असे. आज तो शब्द कानाला खुपतो. पण त्याआधी गल्लीत अशा मुलाला जे म्हणत त्याच्या मानानं तो सुधारलेला होता, हे विसरून चालणार नाही. पुढं कायदे बदलले, शब्दही बदलले. २०१६ च्या कायद्यानंतर आपण ‘बौद्धिक दिव्यांग’ लिहू लागलो. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याही नावात ‘मेंटली हँडिकॅप्ड’ होतं, आता नाही. कपाटातल्या फायलींच्या पाठींवर मात्र सगळ्या पिढ्यांचे शब्द एकमेकांना खेटून उभे आहेत. मी ते खोडलेले नाहीत.

प्रबोधिनीच्या सातपूरमधल्या सुनंदा केले विद्यामंदिराबद्दल सांगायचं तर आधी सातपूरबद्दल सांगावं लागेल. त्र्यंबक रस्त्यावरचं हे शेतीचं गाव. १९६२ मध्ये राज्यात औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या शेतांतून शेड उभ्या राहिल्या. मायको, सिएट, महिंद्र ही नावं आमच्याकडे पत्ता सांगायच्या कामाची आहेत. १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली तेव्हा सातपूरची नगरपालिका तीत विरून गेली. खानदेशातून, मराठवाड्यातून आणि नंतर उत्तरेकडून माणसं आली. श्रमिकनगर, अशोकनगर, स्वारबाबानगर भरत गेली. गावाकडे असं एखादं मूल अंगणात, गोठ्यापाशी, चार माणसांच्या नजरेत खपून जायचं. इथं दहा बाय बाराची खोली, बाप फर्स्ट शिफ्टला, आई चार घरच्या धुण्याभांड्याला, आणि मूल बाहेरून लावलेल्या कडीच्या आत. आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ‘हा काय शिकेल’ असा नसायचाच. ‘किती वाजेपर्यंत ठेवाल’ असा असायचा. त्यात काही वावगं नव्हतं.

पण ठेवायचं म्हटलं तरी प्रवेश द्यावा लागतो, आणि प्रवेशाला आकडा लागतो. म्हणून कपाटाच्या वरच्या फळीपासून सुरुवात करू.

वरच्या फळीवर बुद्ध्यांकाचे कागद आहेत. अल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये जी चाचणी केली ती वर्गात मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा शिकवता यावं म्हणून केली होती. तिच्यापासून आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी तीसच्या दशकात मराठी-कानडी रूप तयार केलं. मुंबई-कर्नाटक भागातल्या मुलांवर ते बेतलं आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक आलं. आजही कुणी सायकॉलॉजिस्ट ‘कामत टेस्ट केली’ म्हणतो ती हीच. दुसरी चाचणी ‘लाकडाच्या पाटीची’, म्हणजे सेग्वाँ फॉर्म बोर्ड. एका फळीत दहा खाचा : चांदणी, फुली, गोल, चौकोन, त्रिकोण वगैरे. दहा ठोकळे त्यात बसवायचे, तीनदा, आणि सगळ्यांत कमी वेळ धरायचा. तिसरी आपल्या नागपूरची. तिथं डॉ. ए. जे. मालिन यांनी व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी भारतीय घरांना जुळवून घेतली. एकूण ८९ कलमं. मूल काय करतं हे आईला विचारायचं आणि टिपायचं.

मानसिक वय भागिले खरं वय गुणिले शंभर. आकडा ५० ते ६९ असला की सौम्य, ३५ ते ४९ मध्यम, २० ते ३४ तीव्र आणि त्याच्या खाली अतितीव्र. मूल एवढ्या एका ओळीत बसायचं.

मी नवी होते तेव्हा एका चाचणीच्या वेळी कोपऱ्यात बसायला मिळालं. नऊ वर्षांचा मुलगा, धुळ्याकडचं कुटुंब. तपासनीस बाई शुद्ध, ठाशीव मराठीत म्हणाल्या, “यांपैकी मोठा ठोकळा मला दे.” पोरगा बाईंच्या बांगड्यांकडे बघत बसला. पुन्हा विचारलं, पुन्हा तसाच. बाईंनी पेन उचललं. तेवढ्यात दाराशी बसलेली आजी न राहवून म्हणाली, “बाळा, मोठा दे मॅडमले!” पोरानं लगेच मोठा ठोकळा उचलून बाईंच्या हातात दिला आणि वर आजीकडे बघून हसलाही. बाईंनी आजीला नियमाप्रमाणे बाहेर बसवलं. त्यांचंही बरोबरच होतं. चाचणी म्हटली की मध्ये बोलून चालत नाही. पण त्या दिवशी मोजलं गेलं ते त्याच्या बुद्धीपेक्षा पुस्तकी मराठीपासूनचं त्याचं अंतर होतं, असं मला वाटलं आणि अजून वाटतं. सातपूरच्या वर्गात अहिराणी, वऱ्हाडी, हिंदी, भोजपुरी असं सगळं बोललं जातं. तेव्हापासून नवीन मूल आलं की घरी कोण कुठलं बोलतं हे मी आधी विचारते आणि फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवते.

आकड्याचा दुसरा घोळ दाखल्याचा. तेव्हा बुद्ध्यांक जितका कमी तितकी अपंगत्वाची टक्केवारी जास्त असे. सौम्य असेल तर ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. एका आईनं दाखला हातात घेतला, ७५ टक्के वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. “पंचाहत्तर म्हणजे फर्स्ट क्लासच की हो, मॅडम.” दोनचार जण हसले. मी तिला बाजूला घेऊन समजावलं. ती म्हणाली, “असू दे. आमच्या घरात एवढे टक्के कुणालाच पडले नव्हते.” हे ती चिडून म्हणाली, की गमतीनं, की खरंच तसं समजून, ते मला आजवर उमगलेलं नाही.

‘गेज’ हा शब्द मला दिला तो एका वडिलांनी. ते एका कारखान्यात तपासणीला होते, क्वालिटीवाले. पालकसभेत मी बुद्ध्यांक समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे हे आमच्या गो-नोगो गेजसारखं झालं ना?” सातपूरमध्ये हे कुणाला समजवावं लागत नाही, पण स्मरणिका बाहेरही जाईल म्हणून सांगते. भोक बरोबर मापाचं पडलंय की नाही ते बघायला दोन टोकांचं एक गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाही तर पीस रिजेक्शनच्या पेटीत. कितीनं चुकलं, का चुकलं, दुरुस्त होईल का, हे गेज सांगत नाही. ते त्याचं कामच नव्हे. “पण साहेब,” ते पुढं म्हणाले (मला साहेब म्हणायची त्यांना सवयच होती), “आमच्याकडे रिजेक्शन झालं की मशीनवर जाऊन बघतात. पिसावर कुणी रागवत नाही.”

मी पुढचं भाषण आवरतं घेतलं.

कपाटाची मधली फळी सगळ्यांत जाड आहे. तिथं ते ‘मशीनवर जाऊन बघणं’ आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की दिव्यांग मुलासाठी शाळेनं त्याचा एकट्याचा शैक्षणिक आराखडा लिहून काढायचा. आपल्याकडे सगळे त्याला आयईपी म्हणतात. त्याच सुमारास मद्रासमध्ये एमडीपीएस नावाची पद्धत तयार झाली. चालणं, जेवणं, कपडे घालणं, शौचाची सवय, बोलणं, आकडे, पैसे, वेळ, घरकाम असे १८ विभाग, प्रत्येकात २० कलमं, एकूण ३६०. प्रत्येक कलमापुढं दोनच शक्यता : करतो, करत नाही. आणि कलमं सोप्यापासून अवघडाकडे लावलेली, म्हणजे जिथं ‘करत नाही’ सुरू होतं तिथून उद्याचा धडा सुरू. पुढं सिकंदराबादच्या संस्थेनं एफएसीपी ही तपासणी-यादी आणली. तीत पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्वव्यावसायिक असे टप्पे आहेत आणि ज्यांचं सगळंच दुसऱ्यानं करावं लागतं त्यांच्यासाठी केअर ग्रुप आहे. ८० टक्के कलमं स्वतःहून आली की वरच्या गटात.

या यादीतली खरी कमाल खुणांमध्ये आहे. स्वतः केलं तर अधिकची खूण. सांगावं लागलं तर व्हीपी, हात धरून करून घ्यावं लागलं तर पीपी. आणि एक खूण एनई : नो एक्स्पोजर. म्हणजे त्याला येत नाही असं नाही, त्याला कधी करूच दिलेलं नाही. मी पहिल्यांदा हा खाना वाचला तेव्हा पुन्हा वाचला. गॅस पेटवणं, दुकानातून दूध आणणं, स्वतःची भाजी ताटात वाढून घेणं... सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या फायलींत या कलमांपुढं ओळीनं एनई, एनई, एनई. करमणुकीच्या विभागाला तर टक्केवारीच नाही. आपणहून खेळतो का, दुसऱ्यानं सुरू केलं तर सामील होतो का, नुसता कौतुकानं बघतो का, अशा श्रेण्या. कडेला बसून क्रिकेट बघण्यालाही तिथं एक अक्षर ठेवलेलं आहे. यादी करणारी माणसं वर्गात बसलेली असणार, एवढं यावरून कळतं.

आता शिकवण्याबद्दल. सदऱ्याचं बटण लावणं हे आपल्या लेखी एक काम. आमच्या वहीत ती सात कामं. सदऱ्याच्या दोन्ही कडा जुळवणं, डाव्या हातानं काज धरणं, उजव्या हाताच्या चिमटीत बटण पकडणं, बटण तिरकं करणं, अर्धं आत सरकवणं, पलीकडून चिमटीत घेणं, ओढणं. आणि शिकवायचं ते शेवटून. पहिली सहा कामं बाई करतात, मुलानं फक्त ओढायचं. ओढलं की बटण लागतं, आणि शाबासकी त्याला मिळते, बाईंना नाही. ते जमलं की शेवटची दोन त्याची. मग तीन. सुरुवातीपासून शिकवत गेलं तर मूल पहिल्या पायरीवर दमतं आणि बटण लागलेलं त्याला कधी दिसतच नाही. एका मुलाला पहिलं बटण एकट्यानं लावायला जून ते जानेवारी लागले. दुसऱ्या बटणाला तीन आठवडे. तिसरं त्यानं घरीच लावलं आणि सदरा एक घर चुकवून, वरखाली असा घालून शाळेत आला. तो तसाच दिवसभर राहू दिला. वर्गातल्या बाई दुरुस्त करायला निघाल्या होत्या, त्यांना मी डोळ्यानं खुणावलं.

महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण शाळांत २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते एखाद्या नव्या शोधासारखं सांगितलं जाई : परीक्षेवर भिस्त नको, मुलाची नोंद रोज ठेवा, त्याची तुलना त्याच्याशीच करा. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर जे हसू पिकलं त्यात थोडा अहंकार होता, कबूल. पण आम्ही कित्येक वर्षं दर तिमाहीला तेच भरत होतो. कुणी कौतुकानं बघायलाही आलं नव्हतं.

तरीही या फळीवरचे सगळे कागद खरे आहेत असा दावा मी करणार नाही. इथं येण्याआधी मी दुसऱ्या एका गावात, एका शाळेत होते. तिथं तपासणीच्या आदल्या रात्री आम्ही तीन तिमाह्यांची कलमं एका बैठकीत, तीन वेगवेगळ्या पेनांनी भरली होती. दर तिमाहीला प्रत्येक मूल चार-पाच टक्क्यांनी पुढं सरकलेलं. सुंदर चढत जाणारा आलेख. तपासणी अधिकाऱ्यांनी शेरा दिला ‘समाधानकारक’. त्या फायलीतल्या एका मुलीला वर्षभरात दोन मोठे झटके येऊन तिचं बोलणं मागं गेलं होतं. आलेखात तीही चढत होती. मागं गेलेलं मूल कागदावर मागं दाखवायची हिंमत शाळेला लागते, कारण वरून येणाऱ्याला उतरता आलेख म्हणजे शाळेचा दोष वाटतो. या कपाटात उतरते आलेख आहेत. मला त्यांचा अभिमान आहे, आणि तो इथं छापून यावा अशी इच्छा आहे.

याच्या उलटा आणखी एक दोष असतो, प्रेमाचा. ‘छान’, ‘खूप छान’, ‘गोड मुलगी’. असे शेरे लिहिलेली प्रगतिपुस्तकं पालक जपून ठेवतात, पण त्यांतून उद्या सकाळी काय शिकवायचं ते कळत नाही. आपल्या मुलांसाठी मापं सैल करावीत असं दयाळू लोकांना फार वाटतं. कार्यशाळेत आलं की हे वाटणं गळून पडतं.

संरक्षित कार्यशाळा म्हणजे अठरा वर्षांनंतरच्या मुलांनी जायचं ठिकाण. आपण त्यांना अजून मुलंच म्हणतो, काहींच्या मिशा पिकल्या तरी. पाकिटं, फायली, पणत्या, आकाशकंदील अशी कामं तर सगळीकडे असतात. पण एमआयडीसीच्या सावलीत राहिलं की पॅकिंगचं कामही मिळू शकतं. एका पिशवीत दहा वॉशर, सील. नऊ चालत नाहीत, अकरा चालत नाहीत. माल घेणाऱ्याला कुणी पॅक केलं याच्याशी देणंघेणं नसतं आणि नसावंच. आता दहापर्यंत मोजता येणारे आमच्याकडे किती? मोजतात, पण सहानंतर आठ येतो, किंवा बाजूच्यानं हाक मारली की पुन्हा एकपासून.

इथं ते गेजवाले वडील पुन्हा आले. त्यांनी वीतभर लाकडी फळी आणली, तिच्यावर ओळीत दहा बिनडोक्याचे खिळे ठोकलेले. प्रत्येक खिळ्यावर एक वॉशर टाकायचा. सगळे खिळे भरले की फळी नरसाळ्यात उलटी करायची, खाली पिशवी. “आमच्याकडे याला जिग म्हणतात,” ते म्हणाले. “नवीन हेल्परला पण आम्ही मोजायला कुठं सांगतो? जिग देतो.” एकतीस वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या फायलीत ‘दहापर्यंत मोजतो’ या कलमापुढं सतरा वर्षं वजाबाकीची खूण होती, त्यानं त्या दुपारी चाळीस पिशव्या भरल्या. आम्ही सगळ्या उघडून मोजल्या. चाळीसही बरोबर.

मग आमच्यात वाद झाला. एक बाई म्हणाल्या, त्याला मोजता येत नाहीच, हे तर खिळ्यांनी मोजलं. दुसऱ्या म्हणाल्या, तुम्ही तरी कॅलेंडर न बघता एकादशी सांगता का? माझं मत दुसऱ्या बाईंकडे झुकतं. पिशवीत दहा हवेत, हा दर्जा. तो कुणी तसूभरही खाली आणलेला नव्हता. तिथवर जायची वाट तेवढी त्याच्या हाताला सोसेल अशी केली होती. फळ्यावर एक ते दहा घोकून घेण्यात आपण त्याची सतरा वर्षं घालवली, तेवढ्यात अशा किती फळ्या करून झाल्या असत्या, हा विचार मात्र मला त्या दिवसापासून सोडत नाही. त्याच्या फायलीत आम्ही जुनी खूण तशीच ठेवली आणि खाली नवीन कलम हातानं लिहिलं : ‘जिगवर दहा नग अचूक भरतो. स्वतः.’ छापील यादीत हे कलम नाही. त्या वर्षीपासून आमच्या याद्यांना हातानं लिहिलेल्या शेपट्या फुटू लागल्या.

छापील यादी थकते ती अशी. जग बदलतं आणि कलम जागच्या जागी राहतं. ‘नोटा ओळखतो’ हे कलम घ्या. मुलं नोटेवरचा आकडा वाचत नाहीत, रंग आणि आकार ओळखतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशेची नोट रातोरात गेली. पुढं २०१७ मध्ये दोनशेची पिवळी आली, पन्नास निळी झाली. २०१८ मध्ये शंभर जांभळट, दहा चॉकलेटी. २०१९ मध्ये वीस हिरवट-पिवळी झाली, आणि दोनशेची पिवळी आधीच बाजारात होती! वर्षानुवर्षं खपून शिकवलेलं दोन-तीन वर्षांत पाण्यात. जुन्या आणि नव्या दोन्ही दहाच्या नोटा चालतात हे तर समजावणं महाकठीण. एका मुलानं चॉकलेटी दहा दुकानदाराला परत देऊन ‘खोटी आहे’ म्हणून सांगितलं. त्याला बाईंनी पूर्वी शिकवलेल्या चित्रात ती नव्हती. बसचंही तसंच. २०२१ मध्ये शहरात एसटीच्या जागी सिटीलिंक धावू लागली आणि ‘घरची बस ओळखतो’मधले कित्येक जण पुन्हा व्हीपीवर आले. आलेख उतरला. त्यात त्यांचा काय दोष?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली आणि मूल्यमापन आयांच्या हातात गेलं. मोबाइलवर व्हिडिओ येऊ लागले. पीठ मळताना, भावाबरोबर पत्ते पिसताना, गच्चीत पापड राखताना. ज्या कलमांपुढं आम्ही एनई लिहिलं होतं त्यातली निम्मी घरच्यांनी हसत-खेळत करून घेतली, कारण सगळे घरीच होते आणि कुणाला घाई नव्हती. काही घरांतून व्हिडिओ आलेच नाहीत. एकाच फोनवर वडिलांचं काम आणि मोठ्या बहिणीची दहावी चालायची. त्या मुलांच्या दीड वर्षाच्या नोंदी कोऱ्या आहेत. कोऱ्याच ठेवल्या.

अलीकडच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. त्याचे कागद अजून ओले आहेत. जय वकील फाउंडेशननं राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाबरोबर ‘दिशा’ अभियान सुरू केलं आणि राज्यभरच्या विशेष शाळांसाठी एक अभ्यासक्रम, एक मूल्यमापन आलं. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं झालं. एकसारखी यादी असण्याचा मोठा फायदा म्हणजे बापाची बदली झाली तरी मूल नव्या गावी शून्यापासून सुरू होत नाही. मला भीती आहे ती शेपट्यांची. संगणकाच्या खान्यात हातानं लिहिता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर आणि २०१६ च्या कायद्यानंतर सौम्य गटातली बरीच मुलं जवळच्या नेहमीच्या शाळेत जाऊ लागली, जायलाच हवीत. त्यामुळं आमच्या वर्गात आता ज्यांना जास्त हात लागतो अशी मुलं अधिक आहेत. नेहमीच्या शाळेत गेलेल्यांतली काही दोन वर्षांनी परत येतात. तिथं त्यांना शेवटच्या बाकावर चित्र रंगवत बसवलेलं असतं आणि प्रगतिपुस्तकात ‘वरच्या वर्गात घातले’ असं लिहिलेलं असतं. अशा मुलाला पहिली तिमाही आम्ही काही शिकवत नाही. त्याला वर्गात हाका मारतो, म्हणजे आपल्या नावाला ओ द्यायची सवय परत येते.

रजनीताई आज नाहीत. त्यांनी सुरुवात केली तेव्हा यातली एकही यादी नाशकात कुणाच्या टेबलावर नव्हती, तरी मुलं शिकत होती, हे मला सतत आठवावं लागतं. याद्या नंतर आल्या.

जाता जाता कपाटातली सगळ्यांत ताजी, म्हणजे यंदाची फाइल. मुलगा बावीस वर्षांचा. कलम : ‘खरेदी करून पैसे देतो.’ आयटीआय सिग्नलजवळच्या टपरीवर त्याला नेलं. नोटा त्याला अजून कळत नाहीत. त्यानं चहा मागितला, वडिलांनी घेऊन दिलेला मोबाइल काढला, क्यूआर कोडच्या चौकटीवर धरला, चहावाल्यानं सांगितलेला एक आणि शून्य दाबला, चार आकडी पिन दाबला आणि पेटीतून ‘दहा रुपये प्राप्त झाले’ ऐकू येईपर्यंत टपरी सोडली नाही. ऐकल्यावर मान डोलवली आणि मग कप उचलला. बरोबर गेलेल्या बाई म्हणतात, अधिकची खूण द्या. मी म्हणते, रक्कम चहावाल्यानं सांगितली, म्हणजे व्हीपी. त्या म्हणतात, मग चहावाला सगळ्यांनाच सांगतो. तीन आठवडे झाले. खाना कोरा आहे, आणि पोरगा रोज चहा पिऊन येतो.